चंद्रकोरीला साक्षीदार, धुराला कोण? जकार्ताच्या हवेचं एक प्रकरण

ऑगस्ट २०२३च्या मध्यावर इंडोनेशियाचे पर्यटनमंत्री सांडियागा उनो बोलता बोलता सांगून गेले, की राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांना जवळजवळ चार आठवडे खोकला आहे आणि कोरडा मोसम, बिघडलेली हवा ही त्याची कारणं असावीत. त्या महिन्यात हवेची गुणवत्ता मोजणाऱ्या ‘आयक्यूएअर’ या कंपनीच्या यादीत जकार्ता अनेक दिवस जगातलं सर्वांत प्रदूषित मोठं शहर म्हणून झळकत होतं, म्हणजे खोकणारे एकटे राष्ट्राध्यक्ष नव्हते. पण त्यांच्या खोकल्यात एक खोच होती. जुलै २०१९मध्ये ३२ नागरिकांनी हवेच्या प्रश्नावर सरकारविरुद्ध दावा लावला होता. १६ सप्टेंबर २०२१ रोजी मध्य जकार्ताच्या जिल्हा न्यायालयाने राष्ट्राध्यक्ष, तीन मंत्री आणि जकार्ताचे गव्हर्नर यांनी कर्तव्यात कसूर केल्याचा निकाल दिला. गव्हर्नरांनी तो मान्य केला, राष्ट्राध्यक्ष आणि मंत्री अपिलात गेले. प्रकरण वरच्या न्यायालयात पडून असतानाच हा खोकला आला.

उपग्रहांची माहिती आणि इस्लामी नीतिविचार यांची सांगड शहरांच्या हवेसाठी घालता येईल का, असा प्रश्न अलीकडे बऱ्याच ठिकाणी विचारला जातो. उत्तर बहुतेक वेळा गोड असतं: विज्ञान माहिती देईल, धर्म प्रेरणा देईल. जकार्तात दोन्ही गोष्टी मुबलक होत्या. उपग्रह रोज डोक्यावरून जात होते, प्रदूषणाला हराम ठरवणारे निर्णय कधीच झाले होते, आणि तरीही तो ऑगस्ट आला. म्हणून मला सांगड कशी सुंदर आहे यापेक्षा ती कुठे सुटली, हे पाहण्यात जास्त रस आहे.

महिनाभराची धावपळ

जकार्तात कोरडा मोसम साधारण जून ते सप्टेंबर. पाऊस नसतो, वारा मंद, आणि २०२३ हे एल निनोचं वर्ष. २१ ऑगस्टपासून शहर प्रशासनाच्या निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगितलं गेलं. रस्त्यांवर पाण्याचे फवारे मारले गेले, उंच इमारतींच्या गच्च्यांवरून पाण्याचं धुकं सोडलं गेलं. कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. १ सप्टेंबरपासून धूर चाचणीत नापास होणाऱ्या दुचाकीला अडीच लाख रुपिया आणि मोटारीला पाच लाख रुपिया दंड सुरू झाला, आणि काही दिवसांतच तो गुंडाळलाही गेला.

या यादीतली एकच कृती या लेखाच्या कामाची आहे. ऑगस्टच्या अखेरीस सुरालया औष्णिक वीज केंद्राचे पहिले चार संच, मिळून १,६०० मेगावॅट, बंद करण्यात आले. सुरालया जकार्ताच्या पश्चिमेला, बांतेन प्रांतात, सुंदा सामुद्रधुनीच्या काठावर आहे. तिथे त्या वेळी एकूण आठ संच होते, क्षमता सुमारे ४,०२५ मेगावॅट. म्हणजे बंद झाला तो सुमारे चाळीस टक्के भाग. बाकीचा साठ टक्के धुरांडी पेटती ठेवून होता, आणि त्याच परिसरात १,००० मेगावॅटच्या आणखी दोन संचांचं बांधकाम सुरू होतं.

हे संच बंद करायची वेळ आली ती एका भांडणामुळे. पर्यावरण मंत्रालयाचं म्हणणं होतं की दोष मुख्यतः वाहनांचा आहे. त्यांच्या आकड्यांत वाहतुकीचा वाटा ४४ टक्के आणि ऊर्जा उद्योगाचा ३१ टक्के होता. सुरालयाचा धूर शहराकडे येतच नाही, तो सामुद्रधुनीकडे जातो, असंही सांगण्यात आलं. दुसऱ्या बाजूला ‘सेंटर फॉर रिसर्च ऑन एनर्जी अँड क्लीन एअर’ ही संस्था होती. तिने २०२०मध्येच उपग्रहांच्या नोंदी आणि वाऱ्याच्या मार्गांची गणितं मांडून दाखवलं होतं, की जकार्ताच्या हवेत शेजारच्या बांतेन आणि पश्चिम जावा प्रांतांतल्या कोळशाचा हात आहे. दोन्ही बाजूंकडे वाऱ्याचे नकाशे होते. दोघांनीही ते आत्मविश्वासाने दाखवले.

सामान्य माणसाने कोणावर विश्वास ठेवायचा?

चौतीस चौकटींचं शहर

उपग्रहाला नेमकं काय दिसतं, हे एकदा नीट समजून घ्यावं लागतं, कारण ‘उपग्रहाने सिद्ध केलं’ हे वाक्य हल्ली फार स्वस्त झालं आहे.

हवेतले वायू पाहणाऱ्या उपकरणांत सध्या सर्वाधिक वापरलं जाणारं म्हणजे ट्रोपोमी. ते युरोपच्या सेंटिनेल-५पी या उपग्रहावर बसवलेलं आहे. हा उपग्रह १३ ऑक्टोबर २०१७ रोजी सोडला गेला. सूर्याचा प्रकाश जमिनीवरून परत फिरताना नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड यांसारखे वायू त्यातल्या ठरावीक तरंगलांबी शोषून घेतात. उपकरण त्या गहाळ झालेल्या प्रकाशावरून वायूचं प्रमाण काढतं. पण हे प्रमाण जमिनीपासून वरपर्यंतच्या संपूर्ण हवेच्या स्तंभाचं असतं, नाकाच्या उंचीवरचं नव्हे. शिवाय ट्रोपोमीची एक चौकट ५.५ किलोमीटर लांब आणि ३.५ किलोमीटर रुंद असते. जकार्ताचं जमिनीचं क्षेत्र सुमारे ६६० चौरस किलोमीटर. भागाकार केला तर एक कोटीहून जास्त वस्तीचं हे शहर या उपकरणाच्या डोळ्याला जेमतेम चौतीस चौकटींचं दिसतं.

आणि दिसतं ते दिवसातून एकदा, स्थानिक वेळेनुसार दुपारी दीडच्या आसपास. नेमक्या त्याच वेळी तापलेल्या जमिनीवरची हवा उंच उसळलेली असते आणि प्रदूषण वर पातळ झालेलं असतं. जमिनीलगतची हवा जास्त वाईट असते ती रात्री आणि पहाटे, जेव्हा थंड हवेचं झाकण खाली येतं. उपग्रह येतो तेव्हा शहराने जणू तोंड धुतलेलं असतं. पावसाळ्यात तर ढगांमुळे तेही दर्शन दुर्मीळ.

दर तासाला पाहणारं उपकरणही आहे. दक्षिण कोरियाने फेब्रुवारी २०२०मध्ये ‘जेम्स’ नावाचं उपकरण भूस्थिर कक्षेत पाठवलं. एका जागी स्थिर राहून हवेतल्या वायूंवर नजर ठेवणारं ते जगातलं पहिलं. मात्र त्याच्या क्षेत्राची दक्षिणेची हद्द ५ अंश दक्षिण अक्षांशाशी संपते आणि जकार्ता ६ अंशांच्या थोडं पलीकडे आहे. एक अंश म्हणजे एकशेदहा किलोमीटर. थोडक्यात हुकणं म्हणतात ते हे. जपानचा हिमावारी उपग्रह जकार्ताला दर दहा मिनिटांनी पाहतो, पण तो धूळ-धुरक्याचा दाटपणा सांगतो, वायू वेगळे काढत नाही, आणि तेही फक्त उजेडात.

मग उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो मोठा आहे. नायट्रोजन डायऑक्साइड हवेत फार टिकत नाही, काही तासांत त्याचं रूपांतर होतं. त्यामुळे तो जिथे दाट दिसतो तिथेच किंवा जवळपासच त्याचा उगम असतो. महिनोन्महिन्यांच्या नोंदींची सरासरी काढली की वीज केंद्रं आणि औद्योगिक पट्टे नकाशावर ठिपक्यांसारखे उठून दिसतात. हे ठिपके प्रांताची सीमा, खात्याची हद्द, मालकाचं वजन काहीही ओळखत नाहीत. परवानगीच्या कागदावर काहीही लिहिलेलं असो, धुरांड्यातून काय बाहेर पडलं याचा एक स्वतंत्र, सर्वांना फुकट मिळणारा पुरावा तयार होतो.

पुरावा मात्र अर्धाच. फुफ्फुसात खोल जातात ते पीएम २.५ कण, आणि त्यांतले पुष्कळसे थेट धुरांड्यातून येत नाहीत. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड हवेत प्रवास करता करता सल्फेटचे बारीक कण बनतो. धूर पश्चिमेकडे गेला म्हणजे प्रश्न पश्चिमेकडे गेला, असं होत नाही. किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून आणि रात्री जमिनीकडून वारे वाहतात, आणि मोसमाचा मुख्य वारा पूर्वेकडून असला तरी स्थानिक हेलकावे वेगळेच असतात.

म्हणूनच ‘सुरालयाचे चार संच बंद केले, तरी हवा सुधारली नाही’ असं जेव्हा सरकारी बाजूकडून सांगितलं गेलं, तेव्हा ते वाक्य खोटं नसलं तरी पुरावा म्हणून लंगडं होतं. उरलेले साठ टक्के संच चालू, आसपासची इतर केंद्रं चालू, मोसम ऐन कोरडा, वाहनं तेवढीच. एक नळ अर्धा बंद करून टाकीची पातळी उतरली नाही, एवढ्यावरून त्या नळाला निर्दोष ठरवता येत नाही. उलट बाजूनेही हेच लागू आहे: वाहनं निर्दोष मुळीच नव्हती. जकार्तातल्या कणांच्या रासायनिक पृथक्करणावर आधारलेल्या एका अभ्यासात वाहनांच्या धुराचा वाटा ओल्या मोसमात ३२ ते ४१ टक्के आणि कोरड्या मोसमात ४२ ते ५७ टक्के निघाला होता. कोळशाच्या विरोधात बोलणारे पुष्कळजण हा आकडा पटकन ओलांडून पुढे जातात.

धर्मशास्त्राच्या बाजूला काय होतं

आता दुसरी बाजू. इथे बाहेरच्या माणसाची समजूत अशी असते, की धर्मपंडितांनी हवेबद्दल काही ठरवलेलं नसणार, त्यांना आपण सांगायला हवं. इंडोनेशियात नेमकं उलट आहे. देशातली सर्वांत मोठी मुस्लिम संघटना नहदतुल उलमा हिने १९९४मध्ये पश्चिम जावातल्या चिपासुंगच्या अधिवेशनात ठरवलं, की हवा, पाणी किंवा माती यांचं प्रदूषण जर अपाय करत असेल तर ते हराम आहे आणि गुन्ह्यात मोडतं. ‘हवा’ हा शब्द त्यात स्पष्ट आहे. ट्रोपोमी आकाशात जाण्याच्या तेवीस वर्षं आधीची ही गोष्ट. मजलिस उलमा इंडोनेशिया या उलमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, सर्वोच्च परिषदेने २०१६च्या ३०व्या क्रमांकाच्या फतव्यात जंगल आणि जमीन जाळणं हराम ठरवलं. हवामानबदलावरचा तिचा २०२३चा ८६वा फतवा फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर झाला.

यामागची तत्त्वं समजायला अवघड नाहीत, आणि मराठी वाचकाला त्यांतले निम्मे शब्द ओळखीचे निघतील. ‘अमाना’, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव. आपला ‘अनामत’ हा शब्द तिथूनच आला. पृथ्वी माणसाकडे अनामत आहे, मालकीची नाही. फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी विधिशास्त्रात, ठेव सांभाळणाऱ्यावर सरसकट भरपाई बसत नाही. हयगय केली किंवा मर्यादा ओलांडली, तरच बसते. जकार्ताच्या न्यायालयाने दिवाणी कायद्याच्या भाषेत जे ‘कसूर’ म्हटलं, त्याची ही जवळची भावकी. दुसरं तत्त्व एका हदीसमधलं, म्हणजे पैगंबरांच्या वचनातलं: ला दरर व ला दिरार, नुकसान करू नये आणि नुकसानीला नुकसानीने उत्तर देऊ नये. या ‘दरर’चंच भावंड म्हणजे ‘जरूर’. त्यातून पुढचा नियम येतो, की खरी जरूर असेल तर निषिद्धालाही मुभा मिळते, पण जरुरीपुरतीच.

हा नियम सुरालयाला लावून पाहण्यासारखा आहे. ‘वीज ही गरज आहे’ हा युक्तिवाद कोणीही करील आणि तो खराही आहे. पण जावा-बालीच्या वीजजाळ्यात त्या काळात मागणीपेक्षा बरीच जास्त क्षमता पडून होती. शहर अंधारात न जाता एका झटक्यात १,६०० मेगावॅट बंद करता आले, यातच ते दिसतं. जे बंद करूनही चालतं, त्याला जरूर म्हणायचं कसं? विधिशास्त्राच्या चौकटीत हा प्रश्न विचारला की ओझं फिरतं: धूर सहन करणाऱ्याने नुकसान सिद्ध करत बसण्याऐवजी धूर सोडणाऱ्याने जरूर सिद्ध करायची.

हे जितकं सरळ वाटतं तितकं मात्र नाही, आणि या विषयावर उत्साहाने लिहिणारे बहुतेक लोक पुढची अडचण गाळतात. इंडोनेशियातले बहुसंख्य मुसलमान शाफिई परंपरेचे, म्हणजे सुन्नी विधिशास्त्राच्या चार प्रमुख परंपरांपैकी एकीचे. त्या परंपरेतले तेराव्या शतकातले थोर विधिज्ञ इमाम नववी यांचं मत असं, की आपलं घर लोकवस्तीच्या मधोमध असलं तरी मालक त्याचं हमामखाना किंवा तबेल्यात रूपांतर करू शकतो, कापडवाल्यांच्या पेठेत लोहाराचं दुकानही टाकू शकतो. अट एवढीच, की त्याने काळजी घ्यावी आणि भिंती मजबूत कराव्यात. मालकाला दिलेली ही सूट लहान नाही. याउलट एकोणिसाव्या शतकात उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याने त्या चारांतल्याच हनफी परंपरेवरून जी दिवाणी संहिता बनवली, तिच्या बाराशेव्या कलमात धुराचं उदाहरणच दिलेलं आहे: शेजारी भट्टी किंवा तेलाचा घाणा घातल्याने धुरामुळे वा वासामुळे घरात राहणं अशक्य झालं, तर ते गंभीर नुकसान कोणत्याही उपायाने दूर केलं पाहिजे. म्हणजे ‘इस्लाम काय म्हणतो’ याला एक उत्तर नाही. कोणत्या परंपरेचं, कोणत्या काळातलं, हे विचारावं लागतं, आणि जकार्तात चालणारी परंपरा या बाबतीत कारखानदाराला जास्त सोयीची आहे.

पण त्याच शाफिई परंपरेत अकराव्या शतकातले अल-मावर्दीही आहेत. त्यांनी मुहतसिबाची, म्हणजे बाजार आणि सार्वजनिक जागा तपासणाऱ्या अधिकाऱ्याची, कर्तव्यं तपशिलाने मांडली. या अधिकाराचं नाव हिस्बा, आपल्या ‘हिशेब’ शब्दाचं सख्खं भावंड. मुहतसिबाने उघड दिसणारा अपाय शोधून काढावा आणि थांबवावा, तक्रारीची वाट पाहू नये. मात्र झाकलेलं उघडं करायला कोणाच्या घरात डोकावू नये. मला या मर्यादेत उपग्रहाची फार चपखल नीती दिसते. साडेपाच किलोमीटरच्या चौकटीला कोणाच्या परसातली चूल दिसत नाही, दिसतो तो सुरालयासारखा डोंगराएवढा धूर. उपकरणाची जी उणीव शास्त्रज्ञाला खुपते, तीच हिस्बाच्या दृष्टीने शिस्त आहे: मोठं आणि उघड आधी.

इंडोनेशियात हा शब्द मात्र जपून वापरावा लागेल. आचे प्रांतात ‘विलायतुल हिस्बा’ नावाचं दल आहे, आणि त्याचा लौकिक कपडे आणि वर्तन तपासण्याचा आहे. धुरांडी त्याच्या नजरेत नाहीत.

जुम्म्याच्या खुतब्यांचंही, म्हणजे मशिदीतल्या शुक्रवारच्या प्रवचनांचंही, तसंच होतं. हवेवर बोलायचं ठरलं की कचरा जाळू नका, गाडी कमी वापरा, झाडं लावा असं सांगितलं जातं. यात चूक काही नाही. जकार्ताच्या कडेच्या वस्त्यांत कचरा खरोखरच जाळला जातो, आणि तो धूर उपग्रहाला दिसत नसल्यामुळे तिथे इमामाचा शब्दच जास्त पोहोचेल. राजधानीतल्या इस्तिकलाल या राष्ट्रीय मशिदीने सौर पटल बसवले आणि २०२२मध्ये हरित इमारतीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही मिळवलं. पण समोर चटईवर बसलेला माणूस दुचाकीवाला असतो. सुरालयाची मालकी सरकारी वीज कंपनीच्या कुटुंबातली. तिला उद्देशून खुतबा कोण देणार? १९९४च्या ठरावात अपाय होता, आरोपी नव्हता.

पावसासाठीची नमाज, इस्तिस्का, हे याचं बोलकं उदाहरण. सप्टेंबर २०१९मध्ये सुमात्रातल्या आगींचा धूर पकानबारूवर पसरला होता, तेव्हा राष्ट्राध्यक्ष विडोडो स्वतः तिथे या नमाजेला उभे राहिले. छायाचित्रं सगळीकडे गेली. शास्त्रात या नमाजेची पूर्वतयारी सांगितलेली आहे, ती फार कमी जणांनी आठवली: तौबा, दानधर्म, उपवास, आणि ‘मजालिम’ची परतफेड. मजालिम म्हणजे जुलमाने घेतलेलं. ज्याचं हिरावून घेतलं त्याला ते आधी परत करायचं, मग आभाळाकडे हात. आगींच्या जागा तेव्हाही उपग्रहाच्या नकाशावर लाल ठिपक्यांनी भरलेल्या होत्या. कोणाच्या ताब्यातल्या जमिनीवर किती ठिपके, ही यादी नमाजेच्या आधी वाचून दाखवणं शास्त्राला धरूनच झालं असतं.

आभाळ पाहण्याची सवय असलेला देश

या प्रकरणातला सर्वांत आश्चर्याचा भाग आता येतो. आभाळातली खूण, तिची मोजणी, तिच्याविषयीची साक्ष आणि त्यावरून सर्वांना बांधणारा निर्णय, ही अख्खी साखळी इंडोनेशियात तयार आहे आणि दरवर्षी चालते. ती हवेसाठी वापरलेली नाही, इतकंच.

रमजान कधी सुरू होणार आणि ईद कधी, हे नव्या चंद्रकोरीवर ठरतं. मुहम्मदिया ही दुसरी मोठी संघटना तेव्हा ‘हिसाब’, म्हणजे निव्वळ गणित मानत होती: सूर्यास्तानंतर चंद्र क्षितिजाच्या वर असेल तर महिना बदलला. नहदतुल उलमा ‘रुक्यत’, म्हणजे प्रत्यक्ष दर्शन मानते. सरकारने शेजारी देशांबरोबर मधला निकष घेतला आहे: चंद्र किमान ३ अंश उंच आणि सूर्यापासून ६.४ अंश दूर असला पाहिजे. मग धार्मिक व्यवहार मंत्रालय ‘सिदांग इस्बात’ नावाची बैठक बोलावतं. आधी खगोलतज्ज्ञ जाहीरपणे आकडे मांडतात. देशभरातल्या निरीक्षण केंद्रांवरून अहवाल येतात. कोणी चंद्रकोर पाहिल्याचा दावा केला तर धार्मिक न्यायालयाचा न्यायाधीश त्याला शपथ देतो. बंद दाराआड चर्चा होते आणि त्याच संध्याकाळी मंत्री दूरचित्रवाणीवर निर्णय सांगतात.

एप्रिल २०२३मध्ये, खोकल्याच्या चार महिने आधी, हेच घडलं. २० तारखेच्या संध्याकाळी चंद्र क्षितिजाच्या वर होता, पण ३ अंशांच्या खाली. मुहम्मदियाने २१ एप्रिलला ईद केली, सरकारने २२ला. लोकांनी वाद घातला, हसले, आणि आपापल्या दिवशी ईद केली. कोणालाही ‘चंद्र कोणत्या दिशेला गेला हे आमच्या खात्याला माहीत नाही’ असं ऐकावं लागलं नाही. मतभेद होता, पण तो कशाबद्दल आहे हे शाळकरी पोरालाही ठाऊक होतं: निकषाबद्दल.

या बैठकीला चंद्राचे आकडे पुरवणाऱ्यांत बीएमकेजी असते, इंडोनेशियाची हवामान आणि भूभौतिकी संस्था. जकार्ताच्या केमायोरान भागात पीएम २.५ मोजणारीही हीच संस्था. तिच्या चंद्राच्या आकड्याला शपथ आहे, बैठक आहे, घोषणा आहे. तिच्या धुराच्या आकड्याला संकेतस्थळावरचा एक आलेख आहे.

पुरावा किती पक्का हवा, या प्रश्नालाही इथे तयार उत्तर आहे. फिक्हमध्ये व्यवहारातल्या पुष्कळ निर्णयांसाठी शंभर टक्के खात्री लागत नाही. ‘गलबतुज्जन’, म्हणजे पारडं स्पष्टपणे एकीकडे झुकावं इतका भक्कम अंदाज, कृतीला पुरतो. उपग्रहाचा पुरावा नेमका याच जातीचा असतो. सुरालयाच्या धुराचा शहरातल्या कणांत अमुक टक्केच वाटा आहे असं कोणीही शपथेवर सांगू शकणार नाही, पण वाटा आहे, याकडे पारडं झुकतं का, हे सांगता येतं. २०२३च्या भांडणात दोन्ही बाजू एकमेकांकडे पूर्ण खात्री मागत राहिल्या, आणि ती नसल्यामुळे जो तो आपल्या नकाशासह घरी गेला.

न्यायालयाने जे मागितलं

हवेसाठी अशी बैठक असती, तर तिथे काय ठेवावं लागलं असतं? फार काही नवं नाही. उपग्रहाच्या मासिक सरासऱ्या, बीएमकेजीची जमिनीवरची मोजमापं, आणि सर्वांत महत्त्वाचं, मोठ्या धुरांड्यांच्या आत बसवलेल्या यंत्रांच्या नोंदी. या तिसऱ्या गोष्टीशिवाय पहिल्या दोन कायम वादात राहतात. उपग्रह सांगतो की या चौकटीत धूर वाढला, यंत्र सांगतं की या धुरांड्यातून इतका बाहेर पडला, आणि दोघांचा मेळ बसला नाही तर निदान कोणाला प्रश्न विचारायचा ते कळतं. शपथ घ्यायची तर ती इथे, नोंदी देणाऱ्याने. निकष कोणता, हे उलमा आणि शास्त्रज्ञांनी मिळून मोसमाआधी ठरवायचं, धुरकं पसरल्यावर नव्हे. चंद्राच्या बाबतीत ३ अंशांचा आकडा ईदच्या आदल्या रात्री ठरत नाही.

एक आक्षेप इथे रास्त आहे. जकार्ता फक्त मुसलमानांचं नाही; इस्तिकलाल मशिदीचा वास्तुरचनाकारच ख्रिस्ती होता. सरकारी निर्णयाला धर्माचा शिक्का कशाला? माझ्या मते शिक्का नकोच. कायदा सर्वांसाठी एकच हवा. पण पुरावा कसा स्वीकारावा, जरूर कोणी सिद्ध करावी, हयगयीची जबाबदारी कशी ठरवावी, यांची ओळखीची भाषा ज्या समाजात आधीच मुरलेली आहे, तिथे ती सोडून परक्या तांत्रिक शब्दांत बोलण्याचा हट्टही कशाला?

आणि २०२१चा निकाल काय सांगत होता? पर्यावरणमंत्र्यांनी जकार्ता, बांतेन आणि पश्चिम जावा या तिन्ही प्रांतांच्या गव्हर्नरांवर, सीमा ओलांडणाऱ्या धुराच्या नोंदीसाठी, देखरेख ठेवावी. आरोग्यमंत्र्यांनी हवेमुळे आरोग्याची किती हानी होते ते मोजावं. जकार्ताच्या गव्हर्नरांनी कोणाला काय शिक्षा झाली ते लोकांना सांगावं. यात उपग्रहाचं नाव नाही, कुराणाचंही नाही, तरी धूर कुठून येतो, कोणाचं नुकसान होतं आणि जबाब कोण देणार, हे तिन्ही प्रश्न त्यात आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील नोव्हेंबर २०२३मध्ये फेटाळलं, तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता. फेब्रुवारीत उलमा परिषदेचा हवामानबदलावरचा फतवा आला. १० मार्च २०२४च्या संध्याकाळी रमजानच्या चंद्रकोरीसाठी पुन्हा सिदांग इस्बात भरली. मुहम्मदियाचा रमजान ११ मार्चला सुरू होणार होता, सरकारने १२ जाहीर केली. आकड्यांबद्दल कोणाचं दुमत नव्हतं.